कोयता कधी हत्यार होतो?

शिराळा किंवा पाटण तालुक्यातल्या गावांत शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला आली, की माणसं मोटर चालू करायला उसात निघतात. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी नाहीतर कोयता. बिबट्याची भीती असते, रानडुकराची असते. गव्यांचा कळप आडवा आला तर कोयत्याचा काही उपयोग नाही हे ठाऊक असूनही हातात काहीतरी असलेलं बरं वाटतं. मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेला तो कोयता कोणी झाकत नाही. वाटेत पोलिसांची गाडी भेटली तर ‘‘कुठं निघालाय मामा?’’ एवढं विचारून ती पुढे जाते.

तसलाच कोयता, त्याच लोहाराच्या भट्टीतला, त्याच रात्री कराडच्या किंवा सांगलीच्या नाक्यावर एखाद्या पोराच्या दुचाकीच्या सीटखाली सापडला, तर मात्र गुन्हा दाखल होतो. दोन पंच बोलावले जातात, टेपने लांबी-रुंदी मोजली जाते. ‘एक लोखंडी धारदार कोयता, लाकडी मूठ, किंमत अंदाजे दोनशे रुपये’ अशी नोंद पंचनाम्यात होते आणि कोयता कापडात गुंडाळून लाखेच्या मोहोरेखाली बंद होतो.

लोखंड तेच, धार तीच, रात्रही तीच. मग बदललं काय?

हा प्रश्न गावात पारावर निघतो तसा कॉलेजच्या कट्ट्यावरही निघतो. तिथे त्याला आणखी एक शेपूट असतं. अमेरिकेत लोक खांद्याला रायफल अडकवून दुकानात फिरतात, पोलिसांनी हटकलं तर ‘हा माझा हक्क आहे’ म्हणून त्यांच्याशी वाद घालतात, असे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात. आपल्याकडे असा हक्क आहे का? उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. पण ते ‘नाही’ कुठून आलं, कुठे सैल होतं आणि कुठे घट्ट, हे सातारा-सांगलीत राहणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे. कारण इथे जवळजवळ प्रत्येक घरात कोयता आहे, कित्येक घरांत निवृत्त फौजी आहे आणि एखाद्या जुन्या वाड्यात देव्हाऱ्याजवळ तलवारही आहे.

शस्त्र कशाला म्हणायचं?

देशातला मुख्य कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. पोलिसांच्या बोलण्यात आणि बातम्यांत तो ‘आर्म्स अ‍ॅक्ट’ किंवा ‘भारतीय हत्यार कायदा’ असतो. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेली, किंवा त्यासाठी जुळवून घेतलेली कोणतीही वस्तू म्हणजे शस्त्र, अशी त्याची व्याख्या आहे. पण त्याच वाक्यात एक मोठी सूटही आहे. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू शस्त्र नव्हेत. लाठी आणि चालताना टेकायची साधी काठी ही उदाहरणं कायद्याने स्वतःच दिली आहेत. खेळण्याशिवाय दुसऱ्या कामाला न येणारी खोटी हत्यारंही वगळली आहेत.

कायद्याखालच्या नियमांत मापंही दिली आहेत. तलवार, गुप्ती, खंजीर, भाला ही नावं थेट यादीत आहेत. त्यापुढे, पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असलेले सुरे आणि तशीच इतर धारदार हत्यारं येतात. आता ऊसतोडीचा कोयता डोळ्यांसमोर आणा: पातळ आणि रुंद पातं, मनगटाला दिवसभर झेपेल एवढं वजन. रुंदीच्या मापाने तो सहज या यादीत बसेल. त्याला बाहेर काढतात ते पुढचे शब्द: शेती, घरकाम, विज्ञान किंवा उद्योग यांसाठी बनवलेली अवजारं सोडून. नोव्हेंबरात बीडकडून ट्रॅक्टर भरभरून येणारे तोडकरी शेकडो कोयते घेऊन दोन जिल्हे ओलांडतात, कारखान्याच्या तळावर उतरतात आणि कोणी त्यांच्याकडे परवाना मागत नाही, ते या एका ओळीमुळे.

पण कायद्याच्या व्याख्येतल्या ‘केवळ’ या शब्दाकडे लक्ष द्या. शेतीसाठी बनवलेली वस्तू वेगळी आणि शेतीच्या अवजाराचं नाव धारण करणारी वस्तू वेगळी. हल्ली काही कोयते असे बनवून घेतले जातात की त्यांनी उसाचं एक कांडंसुद्धा नीट तुटणार नाही. पातं हातभर लांब, टोक अणकुचीदार, मूठ दोन्ही हातांत मावणारी. त्याला कोयता म्हटलं तरी लोहार काय घडवतोय हे त्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही कळत असतं. न्यायालयही हेच पाहतं: वस्तू कशासाठी घडवली, कुठे सापडली आणि कोणत्या परिस्थितीत.

बंदूक आणि तलवार यांत कायदा आणखी एक फरक करतो. बंदुकीला देशभर, सगळीकडे परवाना लागतो. तलवार-सुऱ्यासारख्या हत्यारांच्या बाबतीत केंद्र सरकारने एखाद्या भागासाठी अधिसूचना काढली, तर त्या भागात ती परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. बातमीत ‘कलम ४, २५ अन्वये गुन्हा’ असं वाचतो ते हेच: चौथं कलम बंदीचं, पंचविसावं शिक्षेचं. तलवारीच्या खटल्यात मुरलेला वकील आधी ती अधिसूचना मागतो, ती यामुळेच.

बांधावरची वाट

आपल्या भागात ‘हक्क’ आणि ‘परवानगी’ यांतला फरक समजावून सांगायला कायद्याचं पुस्तक लागत नाही, शेताचा बांध पुरतो. शेताकडे जायची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असेल तर शेजाऱ्याला ती अडवता येत नाही. अडवली तर तहसीलदार मोकळी करून देतो. पण शेजाऱ्याने चांगुलपणाने ‘‘जा माझ्या बांधावरून’’ म्हटलं असेल, तर ती त्याच्या मर्जीची वाट. उद्या त्याने सबळ कारण सांगून बंद केली तर आपण वहिवाट सांगू शकत नाही.

अमेरिकेत शस्त्र बाळगणं ही वहिवाट आहे. १७९१ साली त्यांच्या घटनेत दुसरी दुरुस्ती झाली आणि हा हक्क कागदावर आला. भारतात शस्त्राचा परवाना ही बांधावरची वाट आहे. सरकार ती देतं, अटी घालतं, कारण देऊन थांबवतंही.

हे असं ठरलं त्यामागे मोठा इतिहास आहे आणि त्याचे धागे साताऱ्यापर्यंत येतात. १८५७ नंतर इंग्रजांनी या देशाचे हात रिकामे करायला घेतले. व्हाइसरॉय लिटनच्या काळात, १८७८ साली, शस्त्र कायदा झाला. हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनांना सूट होती. त्या अपमानाची आग पुढे पन्नास वर्षं धुमसत राहिली. १९३० साली गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत ही एक होती. १९३१च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, घातला.

मग स्वातंत्र्य आल्यावर तो घटनेत का आला नाही? डिसेंबर १९४८मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली होती. उत्तर दिलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांचं शालेय शिक्षण सातारच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी सुरू झालं होतं. वाटेल त्याने बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार आणावं असा हक्क प्रत्येकाला दिला तर राज्यकारभार चालायचा कसा, असा त्यांचा थेट सवाल होता. कामतांची दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेत आला तो उलट बाजूचा शब्द. कलम १९ नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क देतं आणि त्याला दोन अटी घालतं: शांततेने आणि शस्त्राशिवाय.

ही दुसरी अट मला नुसती कोरडी कायदेशीर अट वाटत नाही, कारण ती या मातीत रक्ताने लिहिलेली आहे. सप्टेंबर १९४२मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यात तालुक्या-तालुक्याला कचेरीवर मोर्चे निघाले. त्यातला तासगावचा ३ तारखेचा. ९ तारखेला वडूजच्या कचेरीवर लोक चालून गेले ते तिरंगा लावायला, हातात झेंडे घेऊन. समोरून गोळीबार झाला. परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबर कितीतरी गावकरी पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे गेले. एका बाजूला झेंडा, दुसऱ्या बाजूला बंदूक अशी ती समोरासमोर गाठ होती.

त्यानंतर इथल्या तरुणांनी हत्यारं हातात घेतली, तुफान सेना उभी राहिली, प्रतिसरकार झालं. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार पहारेकऱ्यांच्याच बंदुका हिसकावून सांगलीच्या तुरुंगातून बाहेर पडले. किल्ल्याच्या तटावरून उड्या टाकून पळताना मागे गोळीबार झाला. दादांच्या खांद्यात गोळी घुसली. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव हुतात्मा झाले. परक्या सरकारपुढे बंदूक उचलणं या पिढीने पाहिलं, केलं, भोगलं. आणि त्याच देशाने स्वतःची घटना लिहिताना निःशस्त्र जमण्याचा हक्क निवडला. वडूजसारख्या मोर्चाला यापुढे कायद्याचं कवच मिळावं, हा त्या निवडीचा अर्थ मी समजतो.

एका समाजाच्या बाबतीत घटनेने स्वतःच वेगळं लिहून ठेवलं आहे. कृपाण धारण करणं हा शीख धर्माचरणाचा भाग मानावा, असं कलम २५च्या स्पष्टीकरणात आहे. दुसरं उदाहरण कर्नाटकातल्या कोडगूचं. तिथल्या कोडवा समाजाला आणि ‘जम्मा’ प्रकारच्या जमिनीच्या धारकांना इंग्रजांच्या काळापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. २०१९मध्ये केंद्राने ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. ‘शस्त्राचा हक्क’ म्हणण्याच्या जवळपास जाणारी ही जागा, आणि तीही मुदतीची.

बंदूक दिसता कामा नये

सातारा हा फौजींचा जिल्हा. अपशिंग्याला लोक नुसतं अपशिंगे म्हणत नाहीत, ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. निवृत्तीनंतर परवाना काढून बारा बोअरची बंदूक घेणारे आणि बँकेत किंवा कारखान्यावर पहाऱ्याची नोकरी करणारे कितीतरी. पश्चिमेच्या डोंगराळ पट्ट्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचे परवाने ही जुनी गोष्ट आहे, आणि कायद्यात त्याची वेगळी तरतूदही आहे.

परवाना जिल्हाधिकारी देतात, तेही जिल्हादंडाधिकारी या नात्याने. अर्जदाराचं वय २१ पूर्ण लागतं. पोलिसांचा अहवाल मागवला जातो, हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं, घरात ते कुलपात ठेवायची व्यवस्था दाखवावी लागते. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. अर्ज नामंजूर झाला तर पुण्याला विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं.

आणि इथे त्या व्हिडिओंचं उत्तर मिळतं. परवाना हातात आल्यावर बंदूक खांद्याला लटकवून बाजारातून फिरता येईल का? २०१६च्या शस्त्र नियमांनी हे स्पष्टच लिहिलं आहे. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं तर ते अंगाला बांधलेल्या म्यानात, ज्याला आपण होल्स्टर म्हणतो, त्यात हवं. लांब नळीची बंदूक तिच्या खोळीत हवी. दोन्हीही पूर्ण झाकलेल्या हव्यात आणि नेणाऱ्याचा त्यांवर पूर्ण ताबा हवा. चारचौघांत बंदूक उगारणं, परजणं, हवेत उडवणं याला सक्त मनाई आहे. परवाना जाऊ शकतो. लग्नाच्या वरातीत आनंदाने गोळीबार करून कुणाच्या जिवाला धोका निर्माण करणाऱ्याला २०१९पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पंजाबात तर २०२२मध्ये सरकारने समाजमाध्यमांवर शस्त्र मिरवण्यावरही बंदी घातली.

यामागचं तत्त्व साधं आहे. उघडी बंदूक दुसऱ्याला काही न बोलता धमकावते. ती पाहणारा माणूस रस्ता बदलतो, सभेतला माणूस तोंड मिटतो, ग्रामपंचायतीचा उमेदवार अर्ज मागे घेतो. परवाना स्वतःच्या जिवाच्या रक्षणासाठी दिलेला असतो, दुसऱ्याची जीभ बंद करण्यासाठी नव्हे.

निवडणूक जाहीर झाली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, तेही याच विचाराने. खोळीतली बंदूक ठाण्यात ठेवून, पासबुकासारखी जपलेली परवान्याची वही आणि जमा केल्याची पावती घेऊन घरी निघालेले म्हातारे सुभेदार हे दृश्य प्रत्येक निवडणुकीला दिसतं. प्रत्येक परवानाधारकाने सरसकट बंदूक जमा करावी असा मात्र नियम नाही. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती एकेक प्रकरण बघते: जामिनावर कोण आहे, दंगलीत नाव कोणाचं आलं होतं. निकालानंतर हत्यार परत मिळतं.

काठीसुद्धा बंद होते तेव्हा

आतापर्यंतचा कायदा धरणासारखा आहे: मोठा, कायमचा, दिल्लीत बांधलेला. पण शेतात पाणी पोहोचतं ते चारीने, आणि चारीचं दार स्थानिक माणसाच्या हातात असतं. हत्यारांच्या बाबतीत ती चारी म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३७.

या कलमाखाली पोलीस आयुक्त, आणि जिथे आयुक्तालय नाही अशा सातारा-सांगलीसारख्या ठिकाणी जिल्हादंडाधिकारी, काही काळासाठी मनाई आदेश काढू शकतात. गणेशोत्सव, मोहरम, ऊसदराचं आंदोलन, निवडणूक, एखादी तणावाची घटना असं कारण असतं. मुदत बहुधा चौदा-पंधरा दिवसांची. या आदेशात तलवारी, भाले, सुरे येतात तशा लाठ्या-काठ्याही येतात आणि ‘शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू’ हेही शब्द येतात. दगड गोळा करून ठेवणं, ज्वालाग्राही पदार्थ नेणंही त्यात येतं.

म्हणजे आर्म्स अ‍ॅक्टने ज्या लाठीला सोडलं होतं, तिला हे कलम पंधरा दिवसांपुरतं पकडतं. शेतीचं अवजार म्हणून सुटणारा कोयताही मिरवणुकीच्या वाटेवर या आदेशाखाली सापडू शकतो. सीटखालच्या कोयत्याच्या गुन्ह्यात आर्म्स अ‍ॅक्टच्या शेजारी ‘३७ (१) सह १३५’ लिहिलेलं असतं ते यासाठी. १३५व्या कलमात एक वर्षापर्यंत कैद आहे. अशा आदेशांत सवलतीही असतात: कर्तव्यावरचे सरकारी नोकर, काठीशिवाय चालता न येणारे वृद्ध आणि अपंग. जमावबंदीही सोबत असेल तर लग्न आणि अंत्ययात्रा सहसा वगळतात.

पाण्याची पाळी कधी आहे हे शेतकऱ्याला ठाऊक असतं, तशी या आदेशाची पाळीही ठाऊक असायला हवी. पण आदेश निघतो, कचेरीच्या फलकावर लागतो, पेपरात चार ओळी येतात आणि वाडीवस्तीवरच्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. त्याच्यापर्यंत ग्रामपंचायतीने दवंडी किंवा निदान व्हॉट्सअ‍ॅपवरून तो पोहोचवला पाहिजे, असं मला आग्रहाने म्हणायचं आहे. खटल्यातही आदेश काढला होता आणि तो जाहीर झाला होता हे सरकार पक्षालाच दाखवावं लागतं.

तलवारीने केक

दसऱ्याला साताऱ्यात जलमंदिरात भवानी तलवारीचं पूजन होतं, सीमोल्लंघनाची मिरवणूक निघते. घराघरांत शस्त्रपूजा होते. कुठे खरी तलवार, कुठे विळा-कोयता, कुठे ट्रॅक्टरलाच हार. या पूजेला कोणी अडवत नाही. दुरुस्तीनेही न उडणारी, जुन्या घडणीची किंवा पुराणमोलाची बंदूक कायद्यानेच वगळली आहे. जुन्या घराण्यातल्या तलवारींबद्दल मात्र माझा सल्ला असा, की त्यांची माहिती पोलीस ठाण्याला लेखी देऊन पोच घ्यावी. नातवंडांचा त्रास वाचतो.

अडचण होते ती रात्री बाराला चौकात तलवारीने केक कापण्याची. तिथे पूजा नसते. गाड्यांची रांग, मोठ्याने गाणी, तलवार उंचावलेला फोटो आणि खाली कोणाला तरी दिलेला इशारा. तो फोटोच पुरावा होतो. तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचं कलम लागतं, तलवार जप्त होते आणि पोराचं नाव पोलिसांच्या नोंदीत जातं. सैन्यभरतीला किंवा पोलीस भरतीला चारित्र्य पडताळणी असते. फलटण, माण, खटाव, जतच्या पोरांसाठी भरती म्हणजे काय असते, हे वेगळं सांगायला नको. पहाटे मैदानावर पाच किलोमीटर धावणाऱ्या मुलाची भरती एका केकपायी अडकते.

नाक्यावर गाठ पडते तेव्हा

आता त्या व्हिडिओंकडे शेवटचं वळू. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत उघडी बंदूक हा स्वतःहून गुन्हा नाही. त्यामुळे तिथल्या पोलिसाला बंदूक दिसली तरी ‘हा माणूस धोकादायक आहे का?’ हे त्याच्या हालचालीवरून, क्षणात ठरवावं लागतं. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या परवानाधारकाने गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला सांगितलं की आपल्याजवळ पिस्तूल आहे. काही सेकंदांत पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. पुढे त्या पोलिसाची निर्दोष सुटका झाली. हक्क कागदावर होता, पण समोरासमोर गाठ पडल्यावर त्याने त्या माणसाला वाचवलं नाही. आणि ज्या कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक घेऊन फिरता येत होतं, तिथे १९६७ साली कृष्णवर्णीय तरुण रायफली घेऊन विधानभवनात गेल्यावर बंदीचा कायदा त्याच वर्षी मंजूर झाला.

आपल्याकडे पोलिसाचं काम वेगळ्या टोकाने सुरू होतं. त्याला हालचालीवरून अंदाज बांधत बसावं लागत नाही. हत्यार दिसलं, की शस्त्र अधिनियमाच्या कलम १९प्रमाणे तो परवाना मागू शकतो. परवाना दाखवता आला नाही तर नाव-पत्ता विचारतो, हत्यार ताब्यात घेऊ शकतो. नाव सांगायला नकार दिला, खोटं सांगितल्याचा संशय आला किंवा पळून जाण्याचा बेत दिसला, तर वॉरंटशिवाय अटक. कलम २० त्याहून पुढे जातं: बेकायदा कामासाठी हत्यार नेत असल्याचा सबळ संशय असेल, तर परवाना असला तरी अटक होऊ शकते. दुसरीकडे, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत धोकादायक हत्यारासह सापडण्याचं महाराष्ट्र पोलीस अधिनियमातलं कलम लागायला गुन्हा करण्याचा हेतू लागतो. रात्री कोयता जवळ आहे, एवढ्यानेच ते लागत नाही.

*चौकट: हटकलं तर*

हात दिसतील असे ठेवा, हत्यार जवळ असेल तर स्वतःहून सांगा, काढून दाखवायला जाऊ नका. परवान्याची मूळ वही बंदुकीसोबत ठेवा. नाव-पत्ता खरा सांगा. कोयता शेताकडे नेत असाल तर गट नंबर, मोटरीची किल्ली, पाळीची वेळ सांगा. पोलिसांनी वस्तू जप्त केली तर पंचनाम्याची आणि जप्तीची नोंद मागा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. अटकेचं कारण सांगणं आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणं बंधनकारक आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात, अटक गरजेची नसेल, तर पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. स्वतःच्या बचावाचा हक्क कायद्यात आहेच, पण त्या हक्काच्या नावाखाली रोज हत्यार बाळगता येत नाही.

एवढं सगळं वाचल्यावर सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर सापडतं आणि ते थोडं उलटं वाटेल असं आहे. बंदूक झाकलेली हवी आणि कोयता उघडा हवा. बंदूक मुळातच हत्यार आहे. ती दाखवली की धमकी होते, म्हणून कायदा तिला खोळीत घालतो. कोयता मुळात अवजार आहे. तो लपवला की ‘अवजार असेल तर लपवलं कशाला?’ हा प्रश्न उभा राहतो. सीटखालच्या आणि हँडलवरच्या कोयत्यात फरक पडतो तो इथे.

हा फरक ओळखणं शेवटी नाक्यावरच्या हवालदाराच्या हातात असतं. पुण्यात कोयत्याच्या दहशतीनंतर तो विकणाऱ्यांवरच पोलिसांची नजर गेली. ती काळजी मी समजू शकतो, पण आमच्याकडे कोयता हे पोटापाण्याचं साधन आहे. चिखलाने भरलेले पाय आणि खिशातली मोटरीची किल्ली बघून माणूस ओळखावा, एवढी विनंती पोलिसांना आहे. शेतकरी बांधवांनीही मनाई आदेशाच्या दिवसांत कोयता शेतापुरताच ठेवावा. बाजाराला, मिरवणुकीला, कचेरीत जाताना तो घरी खुंटीला असू द्यावा. रात्रीच्या पाळीला निघताना तो हँडलला दिसेल असा अडकवा आणि कोणी विचारलं तर शेताचं नाव सांगा.